अर्ध्या सेकंदाचा उशीर

कोलकात्यात, मराठीतून, आणि विषय काय तर फाइल लहान करण्याचा प्रोग्रॅम. पोस्टरवर हे वाचून कुणी तरी विचारलं, ‘म्हणजे ते झिप करतात ते? त्यावर बोलायला काय आहे?’ प्रश्न रास्त आहे. ज्या गोष्टी नीट चालतात त्यांच्याविषयी बोलायला कधीच काही नसतं. पण तुम्ही आज सकाळपासून एकही फाइल झिप केली नसली, तरी तुमच्या फोननं ते काम कितीतरी वेळा केलंय. वेबसाइटचं पान बहुतेक वेळा दाबून लहान केलेलं येतं आणि ब्राउझर ते उलगडतो. पीएनजी चित्र दाबलेलं असतं. लिनक्सवर नवा प्रोग्रॅम बसवता तेव्हा तो दाबलेल्या गठ्ठ्यातून बाहेर निघतो. आणि हे दाबणारे-उलगडणारे प्रोग्रॅम जगात मोजून पाच-सहा. त्यातले बरेचसे एकेका, दोन-दोन माणसांनी सांभाळलेले.

आधी दोन मिनिटं ‘दाबणं’ या शब्दावर. आपण मराठी माणसं दाबणं म्हटलं की जिनिंग-प्रेसिंग आठवतो. कापूस येतो, यंत्र दाबतं, गाठ बांधून होते. इथे हुगळीच्या काठी तागाचं तेच. पण गाठीतून बाहेर जाते ती हवा. कापसाचा तंतू एकही कमी होत नाही. फाइलमध्ये हवा नसते. मग लहान काय होतं?

आरत्यांची पुस्तिका डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक कडव्यानंतर धृपद म्हणायचं असतं, पण छापणारा ते एकदाच छापतो. पुढे नुसतं ‘धृ’ लिहून दोन दंड देतो. म्हणणाऱ्याला कळतं, मागे जायचं, ती ओळ घ्यायची, पुढे यायचं. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव या इस्रायलमधल्या दोघांनी १९७७ साली जी पद्धत मांडली तिचं सार हेच आहे: ‘इतकी अक्षरं मागे जा, तिथून इतकी उचल.’ त्याच्या आधी १९५२ मध्ये डेव्हिड हफमननं दुसरी युक्ती दिली होती. जे चिन्ह वारंवार येतं त्याला आखूड खूण द्या, क्वचित येणाऱ्याला लांब दिली तरी चालेल. या दोन कल्पना एकत्र केल्या की आजचं बहुतेक झिपकाम झालं. ज्यात पुनरुक्ती नाही ते लहान होत नाही. म्हणून एकदा झिप केलेली फाइल पुन्हा झिप करून काही मिळत नाही.

यात आपल्या लिपीची एक गंमत आहे. संगणकात आज अक्षरं ज्या यूटीएफ-८ पद्धतीनं साठवतात तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन, बांगलालाही तीन. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ, वेलांटी असा पाच चिन्हांचा, म्हणजे १५ बाइट. पण त्या तिनातला पहिला बाइट देवनागरीत कायम एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. खरी माहिती जवळजवळ सगळी तिसऱ्यात. म्हणजे आपल्या मजकुरात धृपद अक्षरागणिक येतं! दाबणाऱ्या प्रोग्रॅमला मराठी आणि बांगला मजकूर म्हणजे मेजवानी. कम्प्रेशनचा फायदा आपल्याला इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त होतो, हे आपण फारसं लक्षात घेत नाही.

आता हे प्रोग्रॅम सांभाळतं कोण? १९९२ साली ज्याँ-लू गायी आणि मार्क अॅडलर यांनी जीझिप लिहिलं, कारण त्याआधी युनिक्सवर जो प्रोग्रॅम चालायचा त्यातल्या पद्धतीवर पेटंट होतं आणि मोकळं, फुकट वापरता येईल असं काही हवं होतं. त्यातून पुढे झेडलिब आलं, जे आज जवळजवळ प्रत्येक यंत्रात आहे. हेच अॅडलर नासाच्या स्पिरिट या मंगळगाडीच्या मोहिमेवरही होते. म्हणजे मंगळ हा पगाराचा उद्योग आणि झेडलिब हा फावल्या वेळेचा. बीझिप-२ ज्युलियन सीवर्डचं, १९९६ पासूनचं. सेव्हन-झिप आणि त्यातली एलझेडएमए ही पद्धत रशियाच्या इगोर पावलोव्हची, तो आजही ते जवळपास एकट्यानंच चालवतो.

‘सांभाळणं’ म्हणजे नेमकं काय, हे बाहेरून दिसत नाही. लोकांना वाटतं, एकदा लिहिला, चालतोय, आता काय? बीझिप-२ ची १.०.६ आवृत्ती आली २०१० मध्ये आणि १.०.७ आली २०१९ मध्ये. मधली नऊ वर्षं सगळं जग तेच वापरत होतं. झेडलिबमध्ये एक जुनी चूक होती, ठरावीक प्रकारचा मजकूर दाबताना स्मृती बिघडवणारी. तिची दुरुस्ती २०१८ मध्येच लिहून झाली होती. पण ती दुरुस्ती असलेली अधिकृत आवृत्ती निघाली मार्च २०२२ मध्ये, तीही दुसऱ्या एकाला तीच चूक पुन्हा सापडल्यावर. यात आळस कुणाचा नव्हता. आवृत्ती काढणं हे वेगळं काम आहे. पन्नास प्रकारच्या यंत्रांवर चालतं का बघा, जुन्या फाइल उघडतात का बघा, सूचना लिहा, मग येणाऱ्या तक्रारी झेला. आणि दाबण्याच्या प्रोग्रॅमला एक जादा शपथ असते. २००९ मध्ये बांधलेली गाठ २०३९ मध्ये सुटलीच पाहिजे, एकही बिट न हलता. व्हॉट्सअॅपवर फोटो थोडा पुसट झाला तर आपण चालवून घेतो. जमिनीच्या नोंदीतला आकडा थोडा पुसट झालेला चालत नाही.

बरं, सुधारणा करायचीही सोय नाही, कारण प्रत्येक सुधारणा म्हणजे देवाणघेवाण. आर्च लिनक्सनं २०१९-२० च्या सुमारास आपले गठ्ठे एक्सझेडवरून झेडस्टँडर्ड या नव्या पद्धतीवर नेले. आकार सरासरी ०.८ टक्क्यांनी वाढला, पण उलगडण्याचा वेग १३०० टक्क्यांनी वाढला. एक्सझेड म्हणजे घट्ट गाठ, सोडायला वेळ. झेडस्टँडर्ड किंचित सैल, पण चटकन सुटणारी. यातलं बरोबर कुठलं? ज्याला डाउनलोड महाग त्याला पहिलं, ज्याला वेळ महाग त्याला दुसरं. आणि झेडस्टँडर्डमागे फेसबुकसारखी कंपनी आहे. एक्सझेडमागे कोण होतं? फिनलंडमधला लास्से कॉलिन नावाचा एक माणूस.

आता मुख्य गोष्टीवर येते.

कॉलिननं पावलोव्हची एलझेडएमए पद्धत घेतली, तिला युनिक्स-लिनक्सला साजेसं रूप दिलं आणि सगळं बिनपगारी, हौसेनं. एक्सझेड युटिल्सची ५.० आवृत्ती २०१० ची. हळूहळू लिनक्सच्या कर्नेलपासून डेबियनच्या गठ्ठ्यांपर्यंत सगळीकडे एक्सझेड शिरलं. वापरणारे कोट्यवधी, सांभाळणारा एक.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ या नावानं कुणी तरी पहिला छोटासा बदल पाठवला. निरुपद्रवी. मग आणखी पाठवले, चांगले, उपयोगी. २०२२ च्या उन्हाळ्यात मात्र टपालयादीवर वेगळे सूर उमटू लागले. ‘जिगर कुमार’ नावाचा एक जण म्हणू लागला की पॅच वर्षानुवर्षं पडून आहेत, नवा मेंटेनर आल्याशिवाय हे पुढे सरकायचं नाही. ‘डेनिस एन्स’ नावाच्या दुसऱ्यानं विचारलं, हा प्रकल्प अजून जिवंत आहे का? कॉलिननं उत्तर दिलं. मी ते पुष्कळदा वाचलंय. त्यात त्यानं सांगितलं की आस्था संपलेली नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक आजारामुळे आणि इतर काही कारणांनी ताकद मर्यादित आहे, आणि हे बिनपगारी हौसेचं काम आहे हेही ध्यानात असू द्या. जिया टॅनकडे पुढे कदाचित मोठी जबाबदारी जाईल, असंही त्यात होतं. त्यावर ‘डेनिस’चं उत्तर काय? तुमच्या तब्येतीचं ऐकून वाईट वाटलं, पण स्वतःच्या मर्यादा ओळखा, लोकांना जास्त हवंय.

सहानुभूतीचा एक शब्द आणि लगेच पुढचा रेटा. हे तंत्र संगणकाचं नाही. आपल्या मंडळांमध्ये, सोसायट्यांमध्ये, घरांमध्येही ते चालतं.

‘जिगर कुमार’ हे नाव ऐकून इथे बसलेल्या कुणालाही तो आपल्याच ऑफिसातला वाटेल. त्या पत्रांपलीकडे या माणसाचा कुठेही मागमूस नाही. ही दोन्ही नावं बनावट होती आणि काम एकच होतं, थकलेल्या माणसाला आणखी थकवणं, असं आता जवळपास सगळे मानतात. ‘जिया टॅन’ खरा कोण, एक माणूस की पूर्ण कचेरी, हेही उघड झालेलं नाही. मला एवढं दिसतं की ज्यानं कुणी हे केलं त्यानं नाव निवडताना विचार केला असावा. भारतीय नाव अशा यादीवर कुणाच्या नजरेत भरत नाही, इतके आपण तिथे आहोत.

जिया टॅन सहमेंटेनर झाला. २०२३ पासून तो स्वतः बदल समाविष्ट करू लागला. फाइलींमधल्या गडबडी शोधून कळवणारी गूगलची एक स्वयंचलित सेवा आहे, तिच्या सूचना कुणाला जाव्यात त्या यादीत त्यानं स्वतःचा पत्ता घातला. आणि मग फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ या आवृत्त्या निघाल्या. त्यांच्यात चोरदरवाजा होता.

तो लपवला कुठे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण तो दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये इतका सहज लपला नसता. दाबण्याच्या प्रोग्रॅमची परीक्षा घ्यायची तर मुद्दाम बिघडवलेल्या फाइल लागतात. अर्धवट तुटलेली, शेपूट कापलेली, आतून सडलेली. त्यांचा एक फोल्डरच असतो. त्यातली फाइल उघडून माणसाला काही वाचता येत नाही. वाचता येणारच नाही, ती तशीच असायला हवी. त्या सडक्या फाइलींमध्ये दोन नव्या आल्या. कुणाला संशय का यावा? त्या दोन फाइलींच्या पोटात चोरदरवाजाचे तुकडे होते. ते बाहेर काढून जोडणारी ओळ मात्र सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्स कोडमध्ये नव्हतीच. आवृत्ती काढताना मेंटेनर एक तयार गठ्ठा बांधून ठेवतो, त्याला टारबॉल म्हणतात. ती ओळ फक्त त्या गठ्ठ्यात होती. सगळे बघत होते कोड, आणि वापरत होते गठ्ठा.

आणखी एक बदल आहे, छोटासा, पण मला तो सगळ्यात जास्त घाबरवतो. प्रोग्रॅमला कोंडून ठेवणारी लॅंडलॉक नावाची एक सुरक्षा सोय आहे. ती यंत्रावर उपलब्ध आहे का, हे तपासणाऱ्या चार-पाच ओळींच्या तुकड्यात एक फुलस्टॉप जास्तीचा पडला. एक टिंब. त्यामुळे तपासणी कायम ‘उपलब्ध नाही’ असं सांगू लागली आणि सोय गुपचूप बंद. हा टायपिंगचा दोष की हेतू? त्या टिंबाकडे नुसतं बघून कुणालाही सांगता आलं नसतं.

दरवाजा उघडायचा कुठे? दूरच्या सर्व्हरवर शिरण्याचा जो हमरस्ता आहे, एसएसएच, त्यात. एसएसएचचा आणि फाइल दाबण्याचा खरं तर काही संबंध नाही. पण डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांनी एसएसएचला सिस्टमडीशी बोलता यावं म्हणून एक जोड दिली होती आणि सिस्टमडीचं ग्रंथालय एक्सझेडचं ग्रंथालय ओढून आणत होतं. नात्याचं नातं. ज्याच्याकडे विशिष्ट गुप्त किल्ली असेल त्याला अशा सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती.

पकडलं कुणी? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्यानं. मायक्रोसॉफ्टमध्ये असतो, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतो. तो सुरक्षातज्ज्ञ म्हणून हे शोधत नव्हता. तो आपल्या डेटाबेसचा वेग मोजत होता आणि यंत्र शांत नव्हतं. बघितलं तर एसएसएच नेहमीपेक्षा जास्त श्रम घेत होतं. लॉगिनला आधी साधारण ०.३ सेकंद लागायचे, आता ०.८. अर्धा सेकंद. त्याला आठवलं की काही आठवड्यांपूर्वी तपासणीच्या एका साधनानंही विचित्र कुरकुर केली होती. तो धागा धरून मागे गेला आणि २९ मार्च २०२४ ला सगळ्या जगाला कळवलं. या दोषाला धोक्याच्या मापनात दहापैकी दहा गुण मिळाले. तोवर बाधित आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीपर्यंत, ओपनसुसे टंबलवीडपर्यंत पोचली होती. आणखी काही महिने गेले असते तर ती बँका, रुग्णालयं, सरकारी कचेऱ्यांच्या सर्व्हरवर असती.

तुम्ही कोलकात्यात राहता, म्हणून एक आठवण करून देते. बागबाजारात मराठा डिच लेन आहे. १७४२ मध्ये आपल्या बारगीरांच्या, म्हणजे इथे ज्यांना बर्गी म्हणतात त्यांच्या धास्तीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. ठरला होता सात मैलांचा, तीनेक मैल खणून काम थांबलं. बर्गी कोलकात्यावर आलेच नाहीत. आला तो चौदा वर्षांनी सिराजउद्दौला, आणि खंदकानं त्याला काही अडवलं नाही. संगणकाच्या सुरक्षेचा पुष्कळसा पैसा असाच खंदक खणण्यात जातो: फायरवॉल, पासवर्ड, बाहेरचा शत्रू. एक्सझेडमध्ये शत्रू खंदक खणणाऱ्यांमध्येच कुदळ घेऊन उभा होता, आणि दोन वर्षं त्यानं सचोटीनं माती उपसली.

म्हणून मला यात तांत्रिक प्रश्नापेक्षा मोठा प्रश्न दिसतो तो हा. यापुढे थकलेल्या मेंटेनरला कुणी प्रामाणिकपणे म्हटलं, ‘मी मदत करू का?’ तर त्यानं काय करायचं? हल्ला मदतीच्या रूपानं आला, आणि औषधही मदतच आहे.

पैसा हे एक उत्तर सांगितलं जातं. आपल्याकडे झिरोधानं ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला, जगभरच्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत. चांगली गोष्ट आहे, आणि सॉफ्टवेअर निर्यातीवर उभ्या असलेल्या आपल्या बाकी कंपन्यांना यातून थोडी लाज वाटली तर आणखी चांगलं. सेक्टर फाइव्हमधल्या किती कचेऱ्यांत एक्सझेड आणि झेडलिब चालतं? सगळ्याच. पण कॉलिनला जून २०२२ मध्ये चेक दिला असता तर हे टळलं असतं का? मला शंका आहे. त्याला विश्वासातलं दुसरं माणूस हवं होतं. पत्रं वाचणारं, पॅच तपासणारं, आणि टपालयादीवर कुणी दमदाटी करू लागला की ‘अहो, जरा थांबा’ म्हणणारं. त्या यादीवर कितीतरी खरी माणसं होती. त्या वेळी त्याची ठाम बाजू घेऊन कुणी बोललं नाही.

इथे जादवपूर, शिवपूरहून विद्यार्थी आलेत, त्यांना थोडं कडू सांगते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’च्या टी-शर्टसाठी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कुणाच्या वाचामाहितीत एक विशेषण घाल, कुठे शीर्षक बदल. त्यात आपल्या देशातली मुलं फार होती. शेवटी आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावे लागले. मेंटेनरच्या दृष्टीनं ती मदत नव्हती, टपाल होतं. नवा कोड पाठवणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे. आधी दुसऱ्यानं पाठवलेला पॅच वाचा आणि आपल्या यंत्रावर चालवून काय झालं ते लिहा. टारबॉल आणि सोर्स कोड जुळतात का ते पडताळा.

आणि आपल्याच भाषेतलं काम शोधायचं असेल तर ते समोर पडलंय. मराठी किंवा बांगला नाव दिलेली फाइल झिप करून पाठवलीत आणि पलीकडे नावाच्या जागी चौकोन आणि चिन्हांचा चिवडा आला, असं झालंय ना? झिप हे मूळ स्वरूप इंग्रजी नावांचा विचार करून झालेलं. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असं सांगणारी खूण त्यात २००६ मध्ये आली. पण काही प्रोग्रॅम ती खूण लावत नाहीत, काही वाचत नाहीत. लिनक्सवर सर्वत्र असलेल्या अनझिपची शेवटची अधिकृत आवृत्ती २००९ ची आहे. त्यानंतरच्या दुरुस्त्या प्रत्येक वितरण आपापल्या ठिगळांनी चालवतं. जोडाक्षरं, नुक्ता, बांगलातला खंड-त असलेली शंभर फाइलनावं घ्या, चार प्रोग्रॅममध्ये झिप करा, चारांत उघडा, तक्ता करा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण फिनलंडमधल्या माणसाला हे आपल्याइतकं सहज जमणार नाही.

कॉलिनचं पुढे काय झालं हे तुम्ही विचारणारच. तो परतला. मे २०२४ मध्ये त्यानं चोरदरवाजा काढून ५.६.२ आवृत्ती दिली, मागचे बदल तपासले. २०२५ च्या मार्चमध्ये ५.८.० आली, आणि थोड्याच दिवसांत त्यातला एक दोष जाहीर झाला. अनेक गाभ्यांवर एकाच वेळी उलगडण्याची जी सुधारणा मागे ५.४ आवृत्तीत आली होती, तिच्यातला. कुणी मुद्दाम ठेवलेला नव्हता, सुधारणा करताना होतात तशातला. ३ एप्रिलला ५.८.१ आली, जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळी दुरुस्तीही दिली.

तुमच्यापैकी जे लिनक्स वापरतात त्यांनी घरी गेल्यावर टर्मिनल उघडून एक्सझेडची आवृत्ती विचारा. ५.६.० किंवा ५.६.१ दिसली तर ते यंत्र नव्यानं बसवा. ५.४ ते ५.८.० मधली दिसली तर आपल्या वितरणानं एप्रिल २०२५ ची दुरुस्ती दिली आहे का ते बघा. आता प्रश्न असतील तर घेते.